साताऱ्याच्या सभेतली साठ जाजमं

भूपाल, मेल्यावरसुद्धा तू पहिल्या पानावर आलास. तेही माझ्या पेपरच्या! तेरा वर्षं मी इथं वार्ताहर म्हणून राबतोय, माझं नाव पहिल्या पानावर दोनदा आलं, त्यातल्या एकदा चुकीचं छापलं होतं. आणि तू सांगलीचा, समोरच्या पेपरचा माणूस, तुझा फोटो आमच्या मालकांनी दोन कॉलमी चौकटीत टाकला. वर मथळा, 'निःपक्षपाती पत्रकार हरपला'. हा शब्द आमच्या छापखान्यात त्याआधी कुणी जुळवला असेल असं मला वाटत नाही. प्रूफ तपासायला माझ्याच टेबलावर आलं. मी दोन ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, सही केली आणि खाली पाठवून दिलं.

मला तुझा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार पानं मैत्रीची लिहीन आणि मुद्द्याला हात घालणार नाही. वाटायचा कसला, अजून वाटतो. परवा सांगलीत तुझ्या शोकसभेला दोन्ही पक्षांचे जिल्हाध्यक्ष शेजारी शेजारी बसले होते. एकानं भाषणात सांगितलं, भूपालनं आमच्यावर फार अन्याय केला. दुसरा म्हणाला, आमच्यावर त्याहून जास्त केला. लोक हसले आणि दोघांनीही डोळे पुसले. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, की मी गेल्यावर माझ्यावर अन्यायाचा आरोप करायला कोण उभं राहील?

आपली गाठ पहिल्यांदा कुंडलला पडली. एकाहत्तरच्या निवडणुकीचा प्रचार चालू होता. मी व्यासपीठासमोरच्या बाकावर बसून भाषण उतरवून घेत होतो. तुझी जागा रिकामी. मागं वळून पाहिलं तर तू मंडपवाल्याच्या ट्रॉलीला टेकून त्याच्याशी गप्पा मारत उभा. मला वाटलं, कामचुकार दिसतोय. सभा सुटल्यावर तू सरळ माझ्याकडं आलास.

"भाषण लिवून घेतलंस न्हवं? दे की बघायला. मी तुला माणसं किती व्हती ते सांगतो."

"ती मला दिसली की. हजारोंनी व्हती."

"हजारोंनी म्हंजी किती हजार, गड्या?"

मग तू मला तुझी पद्धत सांगितलीस. सभेला लोक जाजमावर बसतात. मंडपवाला किती जाजमं टाकली ते सांगतो, त्यातली मोकळी किती राहिली ते आपण बघायचं. एका जाजमावर मांडी घालून चाळीस माणूस बसतं. बायका पोरं घेऊन आल्या असल्या तर तीस. कडेनं उभी राहिलेली वेगळी.

"आन मंडपवाला खोटं बोलला तर?" मी विचारलं.

"त्यो कशाला बोलंल? त्येला जाजमं मोजून गाडीत भरायची असत्यात. त्येला पक्ष न्हाई बाबा."

मी हसलो होतो. मनात मात्र चरफडलो, की हे आपल्याला का सुचलं नाही.

आमच्याकडं मोजायची गरजच नव्हती. आमचे मालक सत्तेतल्या पक्षाचे, हे सगळ्या साताऱ्याला ठाऊक. त्यांच्या पक्षाची सभा म्हणजे 'विराट'. खिळे जुळवणाऱ्या माणसानं तो शब्द मोठ्या टायपात जुळवून दोऱ्यानं बांधून कपाटात ठेवलेला असायचा, छापून झाला की तसाच परत ठेवायचा. दुसऱ्या बाजूची सभा झाली की तिला 'काही नागरिक उपस्थित होते' एवढंच. तसं लिहायला मला कुणी कधी सांगितलं नाही, खोटं कशाला बोलू. पहिल्या महिन्यात माझी एक बातमी कापली गेली, दुसऱ्या महिन्यात दुसरी. त्यानंतर मी कापण्यासारखं काही लिहिलंच नाही.

आणि तू? हळदीच्या गोदामावरची ती तुझी खोली मला आठवते. जिना चढला की कपड्यांना हळदीचा वास लागायचा, तुझ्या बातमीच्या कागदावर पिवळी बोटं उमटलेली असायची. एकदा मी तिथं बसलो होतो आणि विरोधी पक्षाचा तालुक्याचा माणूस हातात पेपर आणि लाकडी फूटपट्टी घेऊन वर आला. टेबलावर पेपर पसरून तुझ्या देखत त्यानं बातम्या मोजल्या.

"त्यांला अकरा इंच आन आमाला सात! ह्यो न्याय हाय का, भूपालराव?"

तू पट्टी हातात घेतलीस. "तुमचा फोटू धरला न्हाई तुमी. फोटू धरून मोजा." त्यानं मोजलं तर साडेअकरा भरलं. तरी त्याचं समाधान होईना, म्हणाला, फोटोतलं तोंड काळं आलंय. दुपारी सत्तेतल्या पक्षाचा माणूस आला. त्याची तक्रार, आमची बातमी तिसऱ्या पानावर का, आणि त्यांचा अर्धा इंच जास्त का? म्हणजे त्यानंही घरी मोजूनच आणलं होतं. तू दोघांनाही चहा पाजलास. दोघंही तुला शिव्या देत, हसत खाली उतरले.

माझ्याकडं कुणी कधी फूटपट्टी घेऊन आलं नाही, भूपाल. ज्यांच्या सभा मी चार ओळींत गुंडाळायचो ते रस्त्यात दिसले की बाजूनं निघून जायचे. ज्यांच्या सभा मी विराट करायचो ते शिपायाबरोबर निरोप धाडायचे, 'साडेचारला या'. माझ्याशी भांडायला यावं एवढंही कुणाला वाटलं नाही. त्या दिवशी सांगलीहून परतताना एसटीत मला रडू येईल की काय असं झालं होतं. तुला तेव्हा सांगितलं नाही.

घरात तर आणखीच. आमचे आप्पा मिलिटरीतून सुभेदार होऊन परत आलेले, शब्दाचे पक्के आणि तोंडाचे फटकळ. साताऱ्यात माझ्याकडंच असायचे. माझा पेपर सकाळीच घरात यायचा, तुझा दहाच्या एसटीनं. आप्पा माझा पेपर घडी न मोडता मांडीखाली ठेवायचे आणि दहाची वाट बघायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "आप्पा, ह्यात माझी बातमी हाय."

"व्हय रं, वाचतो की. आधी भूपाल काय म्हंतोय ते बघू दे."

तू आमच्या घरी आलास की आप्पा तुला शेजारी बसवून घ्यायचे. तुझ्या हातात स्वतः पाण्याचा तांब्या द्यायचे. मला त्यांनी कधी तांब्या दिल्याचं आठवत नाही. मला माहीत आहे, हे लिहिणं पोरकट आहे. पण मी तुझ्याशीच बोलतोय, आणि आता तू हसलास तरी मला दिसणार नाही.

तू सर्वगुणसंपन्न होतास असं मात्र मी म्हणणार नाही. शोकसभेत सगळ्यांनी म्हटलं, म्हणून मी तर मुळीच म्हणणार नाही. कराडच्या स्टँडवरचं आपलं भांडण आठवतंय? एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं होतं, की कालव्याचं पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचलं. दुसऱ्यानं सांगितलं, थेंब पोचला नाही. तू दोघांची विधानं शेजारी शेजारी छापलीस, मापात. मी तुला चांगलंच धारेवर धरलं.

"ह्येला निःपक्षपात म्हंत्यात व्हय? दोघांतला एकजण धडधडीत खोटं बोलतोय. त्येला तू खऱ्याइतकीच जागा दिलीस. म्हंजी तू खोट्याच्या बाजूला झालास."

"मी माणसं मोजतो. खरं खोटं वाचणारा बघंल."

"वाचणारा कालव्यावर जानार हाय का? तू जायाचं सोडून?"

मग म्हणालास, "जायाला पायजे व्हतं." पुढच्या आठवड्यात तू सायकल घेऊन त्या गावात गेलास आणि लिहिलंस, की कालव्यात पोरं गोट्या खेळतात. काय गाजली ती बातमी! मुद्दा माझा, बातमी तुझी. सत्तेतले लोक तुला विरोधकांचा हस्तक म्हणाले, दोन महिन्यांनी विरोधक तुला साखर कारखान्याचा माणूस म्हणाले, आणि तुझ्या पेपरचा खप वाढला.

त्याच भांडणात तू मला एक विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहिलंय. "तुला येवढं कळतंय तर तू का लिवत न्हाईस?" मी मालकांचं नाव पुढं केलं. तू म्हणालास, "मालकांनी जाजमं मोजू नगं म्हणून सांगितलंय व्हय?" तेवढ्यात माझी गाडी लागली आणि मी पळालो. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती, हे तुलाही माहीत होतं. उत्तर आता देतो. मला कुणी अडवलं नव्हतं. मला फक्त तुझ्यासारखं नाव हवं होतं, त्यासाठी तुझ्यासारखं तोंडघशी पडायची तयारी नव्हती.

आणीबाणीत दोघांचीही तोंडं बंद झाली. मी 'उत्स्फूर्त स्वागत' लिहायला शिकलो. तू सरकारी कार्यक्रमांच्या बातमीत नुसती माणसं किती होती ते लिहून पाठवायचास. ते छापून येत नव्हतं, तरी तू पाठवत राहिलास. मला वाटायचं, हा एवढा हट्ट कशासाठी? आणि वाटायचं, की निदान आता तरी आपण दोघं सारखे झालो. बघ कसा होतो मी.

सत्त्याहत्तरची निवडणूक आली आणि सगळं पुन्हा मोकळं झालं. प्रचाराला दिवस थोडे, एकाच दिवशी चारच्या सुमाराला साताऱ्यात एकाची सभा आणि सांगलीत दुसऱ्याची. एका माणसानं दोन्हीकडं जायचं कसं? आपली जुनी वाटणी होतीच. साताऱ्याची सभा मी बघायची, सांगलीची तू. सभा संपली की मी टपाल कचेरीतून ट्रंककॉल लावायचा, तू हळदवाल्याच्या फोनजवळ थांबायचं. मी तुला भाषणाचा सारांश आणि जाजमं द्यायची, तू मला तुझी. मालकांना हे कळलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, समोरच्या पेपरला बातमी देतो म्हणून. तू ते कधी कुणाला बोलला नाहीस. आणि मीही, माझ्या पेपरात काहीही छापलं तरी तुला देताना जाजमं खरी मोजत होतो. सहा वर्षं. ती एक गोष्ट मी नीट करत होतो.

त्या दिवशी साताऱ्याला सत्तेतल्या पक्षाची मोठी सभा होती. सकाळी मी चपला घालत होतो. आप्पांचे गुडघे धरले होते, त्यांना येता येणार नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, संध्याकाळी येऊन सांगतो सभा कशी झाली ती."

आप्पा म्हणाले, "राहू दे. उद्या भूपालचा पेपर आला की कळंल."

मी सभेला जाणार होतो, तू सव्वाशे किलोमीटरवर असणार होतास, आणि आप्पांना सभा तुझ्याकडून कळणार होती. त्यात तुला आकडा देणार मीच. हे मी त्यांना सांगूही शकत नव्हतो.

सभेला साठ जाजमं टाकली होती. मंडपवाल्यानं सांगितलं आणि मीही चालत जाऊन मोजली. पुढची चाळीस भरली. मागची वीस शेवटपर्यंत मोकळी राहिली. त्यांच्यावर एक कुत्रं येऊन झोपलं होतं. साडेसहाला मी फोन लावला.

"बोल शंकर. किती?"

"साठ."

"मोकळी?"

फोनमध्ये खरखर चालू होती. मला तेव्हा एवढंच कळत होतं, की उद्या माझा पेपर विराट म्हणणार आणि तुझा पेपर त्याला खोटं पाडणार. नेहमीसारखं. एकदा तरी तुझा आकडा माझ्या बाजूनं यावा. एकदा तरी आप्पांनी तुझं वाचून मान वर करावी आणि म्हणावं, तूही खरंच लिहिलंस.

"एकबी न्हाई," मी म्हणालो.

"लय झाली की रं," तू म्हणालास. "बरं."

तू पुन्हा विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खरं असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाची एसटी आली. आप्पांनी चष्मा लावला, तुझी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग मांडीखालचा माझा पेपर काढला आणि माझी वाचली. म्हणाले, "मोठीच झाली म्हनायची सभा. तुजं बी बराबर हाय की रं." मला काय झालं सांगू? मी पोरासारखा खूश झालो. बायकोला सांगून संध्याकाळी शेवयांची खीर करायला लावली. आप्पांना वाढली, मीही दोन वाट्या खाल्ल्या. कशासाठी केली ते कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सांगलीतून बातमी आली. सातारा सांगली रस्त्यावर माणसांची ये-जा काय कमी आहे? ज्यांनी त्या मोकळ्या जाजमांवरचं कुत्रं पाहिलं होतं, ते सांगलीत पोचले होते. तुझ्या पेपरचे अंक चौकात फाडले. भूपाल फुटला, भूपालही विकला गेला, असं लोक उघड बोलायला लागले. तुझ्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूनं 'विराट' असं लिहून ठेवलं. आमच्या कपाटातला शब्द तुझ्या दारावर.

चौथ्या दिवशी तू साताऱ्याला आलास. स्टँडसमोरच्या हॉटेलात आपण बसलो. तुझा चेहरा उतरला होता, पण माझ्यावर राग नव्हता. तेच मला सहन होईना. तू शिव्या दिल्या असत्यास तर मीही भांडलो असतो आणि भांडता भांडता खरं बोलून गेलो असतो.

"शंकर, मागची जाजमं भरली व्हती न्हवं?"

"भरली व्हती."

"लोकं तर म्हंत्यात मोकळी व्हती."

"विरळ बसली व्हती. ऊन व्हतं. लांब लांब बसली व्हती, म्हणून तसं वाटलं आसंल."

एक लपवायला दुसरं. तू मान हलवलीस. खिशातून पेन्सिल काढून पेपरच्या कडेला काहीतरी गुणाकार केलास. "म्हंजी माजं चाळीसच चुकलं," तू म्हणालास. "उन्हाला चाळीस बसत न्हाईत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठलास. चहा तसाच राहिला होता.

दोन दिवसांनी तुझा खुलासा छापून आला. साताऱ्याच्या सभेच्या उपस्थितीचा अंदाज देताना माझी चूक झाली, वाचकांची क्षमा मागतो. खाली तुझं नाव. आकडा कुणी दिला, तू तिथं होतास की नव्हतास, एक अक्षर नाही. ते लिहिलं असतंस तर तू सुटला असतास आणि माझी नोकरी गेली असती. आप्पांनी खुलासा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "चूक कबूल करतोय. ह्येला म्हंत्यात मर्द." तेव्हाही मला तुझा हेवाच वाटला. माझ्या खोटेपणातूनसुद्धा मोठेपणा तुलाच मिळाला, आणि मी त्याच्यावर जळत बसलो. याहून खाली माणूस जाऊ शकत असेल तर मला माहीत नाही.

निवडणूक झाली, दिल्लीतलं सरकार बदललं, लोक तुझ्यावरचा राग विसरले. फूटपट्टीवाले पुन्हा तुझा जिना चढायला लागले. पण त्यानंतर तुझ्या बातमीत कधी आकडा आला नाही. 'सभा झाली' एवढंच यायचं. मला वाटायचं, घाबरलास. मित्रांत मी तसं बोलूनही दाखवलं. आपली सभांची वाटणीही तू हळूहळू बंद केलीस. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू बोलत नाहीस. त्या समजुतीनं मला एक प्रकारचं बरं वाटायचं. तुला कळलं असेल तर मला सांगायची गरज नाही, असा माझा हिशेब.

सांगायची संधी आली नाही असंही नाही. आप्पा गेले तेव्हा तू सांगलीहून आलास, तिरडी बांधायला खाली बसलास. माझ्यापेक्षा जास्त रडलास. त्या दिवशी नदीवरून येताना आपण दोघंच मागं राहिलो होतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सांगलीची गाडी किती वाजता हाय?" तू सांगितलंस.

तू सकाळी दाढी करता करता खाली बसलास आणि उठलाच नाहीस, हे मला फोनवर कळलं. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काल, तुला जाऊन बारा दिवस झाल्यावर, मी वहिनींना भेटायला गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दोन शब्द बोललो, जे सगळे बोलतात ते. वहिनींनीच विषय काढला.

"भावजी, तुमाला एक इचारू का? तुमी त्या कामातलं हाय म्हणून. एका जाजमावर किती माणूस बसतंय?"

"का वहिनी?"

"ह्यांला दोन वर्सं त्येचंच येड लागलं व्हतं. लग्नाला गेलं तर अक्षता हातात तशाच, आन जाजमावरची माणसं मोजत बसायचं. बस्तीच्या देवळात प्रवचन आसलं तरी मोजायचं. घरी यून म्हनायचं, चाळीसच भरत्यात, मग साताऱ्याला कशी काय कमी बसली? उन्हात फरक पडत आसंल म्हणून चैतात भर दुपारी कुणाच्या तरी सभेला जाऊन आलं, ताप भरला अंगात. मी म्हणलं, आवं, त्या शंकर भावजींनी सांगताना चुकीचं सांगितलं आसंल. तर माज्यावरच चिडलं. म्हणालं, शंकर जागेवर व्हता, त्यो माजं नुकसान करनार न्हाई. चूक माजीच हाय, फकस्त सापडंना झालीय."

भूपाल, मी समजत होतो तू मला ओळखलंस आणि गप्प बसलास. तुला संशयसुद्धा आला नव्हता. तू आकडे लिहायचे सोडलेस ते भीतीनं नव्हे, तुझा स्वतःवरचा भरवसा उडाला म्हणून. आयुष्यात जी एक गोष्ट तुझी तू शोधून काढली होतीस, ती मी तुझ्याकडून काढून घेतली. आणि तू दोन वर्षं लग्नाच्या मांडवात बसून माझं खोटं स्वतःच्या गणितात शोधत राहिलास.

मी वहिनींना सगळं सांगितलं. साठ टाकली होती, वीस मोकळी होती, फोनवर मी काय बोललो, हॉटेलात काय बोललो, सगळं. आप्पांचंही सांगितलं. भूपालचं चाळीस बरोबर होतं वहिनी, असंही म्हणालो. हेही सांगितलं, की हे सगळं लिहून मी तुझ्याच पेपरला देणार आहे, माझ्या नावासकट, मग माझी नोकरी राहो न राहो.

वहिनी ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, उठून दाराची कडी काढली आणि दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या.

"भावजी, ह्ये तुमी त्यांला सांगितलं आसतं तर ते पोट धरून हसलं आसतं. म्हणालं आसतं, बघ, माजं गणित बराबर व्हतं! आन तुमाला जेवायला बसवून घेतलं आसतं." त्या थांबल्या. "मला तसं जमायचं न्हाई. तुमी आता पुन्यांदा ह्या घरात यिऊ नगासा."